फोटो नसलेली सहल

पाकीट बघून बियाणं ओळखणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो सध्या तुमच्याशी बोलतोय! समुद्रपूरला बसस्टँडसमोर माझं कृषी केंद्र आहे. तिथे बसून बसून मी एक सिद्धांत काढला. पाकिटावर कपाशीचं बोंड जितकं मोठं, तितकं ते शेतात लहान. नारळाएवढं छापलं असेल तर सुपारीएवढं येणार, हे धरून चालावं. खऱ्या मालाला फोटो लागतच नाही!

या सिद्धांताच्या जोरावर मी दोन हजार सहाच्या खरिपात इतकं बियाणं विकलं, की कंपनी खूश झाली. एरवी कंपनी खूश झाली की भिंतीवरचं घड्याळ देते. त्या वर्षी तिला काय झालं कोण जाणे, तिने विदर्भातल्या सगळ्या चांगल्या दुकानदारांना सिंगापूरला नेऊन जहाजात बसवलं. आणि तेही सपत्नीक!

आमच्या सौभाग्यवती म्हणजे मनकर्णा. तिची एकच मागणी होती.

"मले समुद्रात पाय टाकायचे हायेत. बाकी काई नाई दाखवलं तरी चालन."

मागणी रास्त होती. लग्न होऊन समुद्रपूरला आल्यापासून बाहेरगावचा प्रत्येक पाहुणा तिला विचारायचा, "तुमच्याकडे समुद्र आहे का हो?" वीस-बावीस वर्षं नाही नाही म्हणून बाई कंटाळली होती.

"अवं, जहाज समुद्रावरच असते," मी म्हणालो.

"जहाजातून समुद्र पाहनं म्हंजे यष्टीच्या खिडकीतून जत्रा पाहनं!"

आणि तसंच झालं. विमानातून बसमध्ये, बसमधून जहाजात. समुद्र राहिला खाली, दहा मजले! वरच्या मजल्यावर एक निळाशार हौद होता. मनकर्णाने त्यात बोट बुडवून चाटून पाहिलं.

"हे तं आपल्या नळाचं पानी हाये जी! पावडर टाकलेलं!"

आता सगळी भिस्त फुकेतवर होती. जहाज तिथे एकच दिवस थांबणार होतं, आणि कंपनीकडून प्रत्येक जोडप्याला एक सहल फुकट. आमची टूर मॅनेजर आचल नावाची नागपूरची मुलगी. तिने रंगीत माहितीपत्रक पुढे ठेवलं. पहिल्या फोटोत समुद्रकिनारा, पांढरी वाळू, हिरवं पाणी. दुसऱ्यात बोटीतून बेटं. तिसऱ्यात हत्ती. सगळ्यात खाली एक सहल होती, तिला फोटोच नव्हता. नुसतं लिहिलं होतं, 'बेटावरचे ग्रामीण जीवन'.

मी त्यावर बोट ठेवलं.

"काका, मावशींना समुद्र हवाय ना? मग पहिली घ्या," आचल म्हणाली.

"पोरी, असं पानी असते का कुठी? हे बोंड मोठं छापलेलं हाये!"

"बोंड?"

"तुझं जेवढं वय नाई, तेवढे माहे खरीप झाले. अन् फुकेत बेट हाये ना? मंग जिकडं जाईन तिकडं समुद्रच लागन!"

या मुद्द्यावर मनकर्णाने माहितीपत्रक घडी करून पिशवीत टाकलं. मला वाटलं, पटलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बियाणं घेताना पाकिटावरचं कोणी वाचत नाही. शेजाऱ्याने बैलबंडीत काय टाकलं ते बघतात आणि तेच मागतात. याच रीतीवर माझं दुकान चालतं. माझ्या मागे अल्लीपूरचे रूपराव उभे होते. त्यांचंही कृषी केंद्र.

"हेमराजभौनं कोनती उचलली?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून आचलला विचारलं.

"शेवटची."

"मंग आमची बी तेच लिव्हा!"

रूपरावांचं ऐकून आर्वीवाल्यांनी तीच घेतली, त्यांचं पाहून यवतमाळवाल्यांनी. माझी छाती फुगली. जेवायच्या वेळेपर्यंत सगळा विदर्भ फोटो नसलेल्या सहलीला लागला होता!

दुसऱ्या दिवशी छोट्या होड्यांनी आम्हाला धक्क्यावर सोडलं. मनकर्णा वाटेतच पाण्यात हात घालायला वाकली, तर खलाशी ओरडला. धक्क्याच्या बाजूलाच वाळू होती. थेट फोटोतली! पाणीही तसंच हिरवं.

"जी, हे पाहा!"

"वरवरचं असन," मी म्हणालो. "चाल, बस लागली."

बसने समुद्राकडे पाठ केली आणि ती डोंगर चढायला लागली. पुष्कळ चढली. रबराच्या झाडांमध्ये थांबली. एका माणसाने झाडाला चीर दिली, पांढरा चीक गळाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग आम्हाला एका मोठ्या शेडमध्ये नेलं. खुर्च्या मांडलेल्या. समोर पडदा.

मला घाम फुटला. ही शेड मी ओळखत होतो! अशीच मीही दरवर्षी मे महिन्यात टाकतो.

"आता सरबत येईन," मी रूपरावांच्या कानात म्हणालो. सरबत आलं.

"आता टोप्या वाटतीन." टोप्या वाटल्या!

"आता एक जन उठून सांगन, का मले लय फायदा झाला." पहिल्या रांगेतला एक जण उठलाच!

रूपराव माझ्याकडे देवमाणूस असल्यासारखे बघत होते. "भौ, तुमाले कसं कयते?"

कसं कळणार नाही? हा शेतकरी मेळावा होता, आणि त्यातले शेतकरी आम्ही होतो! माल काय होता? उशी! रबराची उशी. तिच्यावर डोकं टेकलं की मान, कंबर, पोट, सगळं दुरुस्त. बाहेरच्या दाराशी बुकिंगचं टेबल होतं. तेही अगदी मी लावतो तिथेच!

मी विचार केला, एक उशी घ्यावी आणि सुटावं. इथेच चुकलो. मी उशी उचलताना रूपरावांनी पाहिलं.

"भौनं घेतली! दोन द्या आमाले!"

मग काय! आर्वी, यवतमाळ, सगळे तुटून पडले. पावत्या फाडता फाडता दिवस कलला. इथून सुटून समुद्रावर जायला वेळ उरला नाही. आचल दर मिनिटाला घड्याळ बघत होती. डोंगर उतरताना बसमध्ये माणसांपेक्षा उशाच जास्त दिसत होत्या. मनकर्णा खिडकीशी बसली होती आणि एक शब्द बोलत नव्हती. बावीस वर्षांच्या संसारात ती बोलत असताना मी कधी घाबरलो नाही.

"पुढच्या वक्ती जाऊ," मी म्हणालो.

"पुढच्या वक्ती घड्याळ देतीन," ती म्हणाली.

खरं होतं. मला वाईट वाटलं. पण धक्क्यावर शेवटची होडी भोंगा वाजवत होती, वाईट वाटायला सवड नव्हती.

आम्ही रांगेने निघालो. अर्ध्या वाटेवर मनकर्णा थांबली. तिने उशी माझ्या हातात दिली. चपला काढल्या, त्याही माझ्याच हातात दिल्या. लुगडं खोचलं, आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरून सरळ वाळूकडे चालायला लागली!

"अवं! कुठी जाऊन राह्यली? होडी सुटन!"

"सुटू द्या! घरी सांगजा, समुद्रपूरची बाई समुद्रात गेली!"

रूपरावांच्या देवकाबाईंनी हे पाहिलं. रीत ती रीत! शेजारणीने काय उचललं ते बघायचं. त्यांनीही चपला काढल्या. मग आर्वी. मग यवतमाळ! क्षणात सगळ्या बाया पाण्यात, आणि सगळे दुकानदार काठावर उशा आणि चपला घेऊन उभे. आचल ओरडत होती, होडीवाला भोंग्यावरचा हात काढत नव्हता.

मी मनकर्णाला आणायला म्हणून पुढे झालो. एक लाट आली, अगदी माहितीपत्रकातली, हिरवी! मी उशीसकट बसलो. तोंडात पाणी गेलं.

"कसं हाये?" मनकर्णाने विचारलं.

"खारट!"

"मंग बराबर हाये!" ती म्हणाली आणि हसायला लागली. अशी हसली, की मी उठायचंच विसरलो. होडीवाल्याने शेवटी भोंगा बंद केला आणि तोही हसत बसला.

गावी परतलो. मनकर्णाने बाटलीभर समुद्र आणला होता, तो तिने गल्ल्याशेजारी ठेवला. आता पाहुण्याने विचारलं की ती बाटलीकडे बोट दाखवते.

मृगाच्या तोंडावर चिंधू आला. आमचं जुनं गिऱ्हाईक. नारळाएवढ्या बोंडाचं पाकीट हातात घेऊन त्याने विचारलं, "भौ, हे नेऊ का?"

मी घसा खाकरला. "चिंधू, बोंड जेवढं मोठं छापलं..."

"चिंधूभाऊ," गल्ल्यावरून मनकर्णा म्हणाली, "हे नाई म्हनून राह्यले ना? मंग डोये मिटून घ्या!"

त्याने घेतलं. दिवाळीच्या आसपास तो एक बोंड घेऊन दुकानात आला. मी ते पाकिटावरच्या फोटोशेजारी ठेवून पाहिलं. पुन्हा ठेवून पाहिलं. काय सांगू तुम्हाला... फोटोच जरा लहान निघाला!