युनूसभाईंचा दंड

नेरच्या वळणावरचे युनूसभाई टेलर कपडे शिवता शिवता दंड ठोठावत. दुकानासमोरून एखादी मोटारसायकल सुसाट गेली, की मशीनवरचा पाय थांबे आणि आरोळी येई, "हजार!" चालवणाऱ्याच्या कानाला फोन असला तर "दोन हजार!" मापाला उभं असलेलं गिऱ्हाईक दचके. त्याला वाटे, शिलाईच सांगितली. भाच्याच्या वरातीत घोडी उधळली, तेव्हा नवरदेवालाही त्यांनी तिथल्या तिथं दंड सांगितला होता.

स्वतः युनूसभाईंना सायकलसुद्धा येत नव्हती. पण सरकारनं दंड वाढवला त्या दिवशी त्यांनी मला बोलावून पेढा दिला.

"गुरुजी, आता लोकं सुधरतेच."

मी म्हटलं, "कापसाला भाव नाही, दंड भरतील कुठून?"

"तं मंग हळू चालवा ना! हळू चालवाले काय पैसे लागते?"



त्यांना दोस्त एकच, ऑटोवाला गजानन. दुपारचा चहा दोघं दुकानाच्या पायरीवर घेत. गजानन ऑटो हाणायचा मात्र वाऱ्यासारखा.

"गजू, एक दिवस तुलेच धरून देतो."

"दे ना. सोडवाले तूच येशीन," गजानन हसायचा.

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला. बाजाराला जाणारी माणसं घटली, ऑटो भरेनात. दुसऱ्याच्या आधी सवारी गाठायची म्हणून गजानन आणखीच पळवू लागला. एका सकाळी शाळा भरायच्या वेळी तो उलट्या बाजूनं वळणात घुसला. पोरी नालीत उड्या मारून वाचल्या. गळ्यात टेप तसाच लटकत असलेले युनूसभाई हात पसरून रस्त्यात उभे राहिले. ऑटो त्यांच्या पोटाशी येऊन थांबला.

हवालदार धावत आला. "कोणी पाह्यलं?"

आम्ही सगळे गप्प. गजानन युनूसभाईंकडे बघत होता.

"म्या पाह्यलं," युनूसभाई म्हणाले.

दंड जबर होता. गजाननच्या बायकोचे कानातले मोडले. तो पुन्हा चहाला आला नाही. थोड्याच दिवसांत ऑटो घरासमोर उन्हात उभा करून तो बायको-लेकरांसह पुण्याला गेला, कुठल्याशा इमारतीवर वॉचमन म्हणून. जाताना दुकानावरूनच गेला. युनूसभाई उठून उभे राहिले होते. त्यानं मान वळवली नाही.

त्यानंतर दुकानातून आरोळ्या येईनाशा झाल्या. मी एकदा विचारलं, "पस्तावा होते काय, भाई?"

"दंड बराबर होता, गुरुजी," ते सुईत दोरा ओवत म्हणाले. "चुकीचा असता तं बरं होतं. माफी मांगून मोकळा झालो असतो."

मागच्या उन्हाळ्यात गजाननच्या गल्लीतून चाललो होतो. त्याच्या ऑटोवर कोरं खाकी कव्हर दिसलं. मापात शिवलेलं, दोन्ही आरशांना वेगळे खिसे. मागं उकिडवे बसून युनूसभाई नाड्या बांधत होते. मला पाहून ओशाळले.

"ऊन लय आहे. सीट फाटून राह्यली होती."

मग जरा थांबून हळूच म्हणाले, "त्याले नोका सांगू, गुरुजी. काढून फेकून देईन तो."