टिपरीची ढोलकी आणि वनराजांचे गुडघे

एका जंगलात, मुलांनो, चक्क एक नाट्यगृह होतं. जंगलाला नाट्यगृह कशाला, असं विचारू नका. ते जंगल सुसंस्कृत होतं. तिथे आधी नाटक व्हायचं, मग शिकार.

नाट्यगृहाला पायऱ्याच पायऱ्या होत्या. पायऱ्या असल्या की कलेला उंची येते, असं अध्यक्ष गवेसाहेबांचं मत होतं. गवेसाहेब म्हणजे गवा. अध्यक्ष झाला की गव्यालाही साहेब म्हणतात.

त्याच जंगलात साळूबाई नावाची साळिंदर राहायची. तिच्या लेकीचं नाव टिपरी. टिपरीचे मागचे पाय चालत नसत. पाटाला बेलफळांची चाकं लावलेल्या गाडीवरून ती फिरायची. पण तिचे पुढचे पाय! ते ढोलकीवर पडले की झाडावरची पिकली फळंसुद्धा तालात गळायची.

एकदा मुलांचं नाटक ठरलं. त्यात ढोलकीवालीला मध्ये बसवून सगळ्या मुंगसांनी तिच्याभोवती फेर धरायचा होता. ढोलकीवाली कोण, हे सांगायला नकोच.

साळूबाई टिपरीला घेऊन घाबरत घाबरत गवेसाहेबांकडे गेली. ती सगळीकडे घाबरत घाबरतच जायची. अंगावर एवढे काटे असताना घाबरायचं कशाला, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं? आई झाल्यावर काट्यांचा म्हणावा तसा उपयोग होत नाही.

"त्रास देते हं," ती म्हणाली, "पण पायऱ्यांच्या शेजारी एखादा उतार करता आला तर... म्हणजे जमत असेल तरच."

"उतार कशाला? टिपरीला आपण उचलून नेऊ की! आपलीच पोर आहे," गवेसाहेब म्हणाले आणि प्रेमाने तिला उचलायला खाली वाकले.

नाकातले काटे काढून झाल्यावर ते म्हणाले, "उतार करू."

आणि खरंच केला! गुळगुळीत, रुंद, देखणा. चिटणीस टिटवीबाईंनी जंगलभर ओरडून सांगितलं, "आपलं नाट्यगृह सर्वांसाठी खुलं! सर्वांसाठी खुलं!" साळूबाईला इतकं भरून आलं, की तिने उताराचेही आभार मानले.

नाटकाच्या दिवशी टिपरी ढोलकी मांडीवर घेऊन आली. बघते तर उतारावर रांगोळीचा मोर. चोच खाली आणि पिसारा थेट दारापर्यंत. वर लाल फीत.

"अगं अगं अगं! थांब तिथेच!" टिटवीबाई किंचाळल्या. "उद्घाटन व्हायचंय."

"पण मावशी, पहिली घंटा झाली."

"वनराज येतील, फीत कापतील, मग जा हो बाळा."

वनराज उशिराच आले. त्यांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. वनराजांचे गुडघे दुखायचे, पण सिंहाने उतारावरून जाणं शोभत नाही. म्हणून दोन कोल्ह्यांनी मागून रेटत त्यांना पायऱ्यांवरून वर नेलं आणि तसंच रेटत स्टेजवर बसवलं.

"आता जाऊ?" टिपरीने विचारलं.

"आजचा दिवस राहू दे ना गं मोर. किती मेहनतीने काढलाय!"

दुसरी घंटा झाली.

"आई," टिपरी हळूच म्हणाली, "माझ्याशिवाय सुरू करतील."

साळूबाईने मोराकडे पाहिलं. एवढं केलं त्यांनी, आता रांगोळी मोडली तर काय म्हणतील? आणि नाही मोडली तर ही पोर पुन्हा ढोलकीला हात लावेल का? तिने डोळे मिटले, गाडीला डोकं लावलं आणि ढकलत सुटली.

"माफ करा हं," ती मोराच्या चोचीला म्हणाली. "माफ करा, माफ करा," पिसाऱ्याला म्हणाली. दारापाशी टिटवीबाईंनाही म्हणाली.

आत आल्या, तर समोर उंच स्टेज. त्यालाही पायऱ्या.

"इथे उतार नाही का?" साळूबाईने विचारलं.

"स्टेजला?" गवेसाहेब स्टेजच्या पडद्यातून डोकं काढून म्हणाले. त्यांना खरोखरच कळेना. "अहो, आम्हाला वाटलं ती बघायला येणार. स्टेजवर तिचं काय काम? वाईट वाटून घेऊ नका हं."

"नाही नाही," साळूबाई म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं.

"पुढच्या वर्षी समिती नेमू."

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. मागे मान्यवर खुर्च्यांत, पुढे मुंगसं ओळीत. सगळे ढोलकीची वाट बघत उभे. नक्षी नावाचं मुंगूस सगळ्यांत धिटुकलं. ते ओरडलं, "टिपरे, कुठे तडमडलीस?"

"इथे, खाली!"

"वर ये ना!"

"नाही येता येत!"

"मग सांगायचं नाही का, शहाणे!" असं म्हणत नक्षीने खाली उडी मारली. मागोमाग सगळ्या मुंगसांनी धपाधप उड्या मारल्या. टिपरीभोवती फेर धरला गेला आणि ढोलकीवर थाप पडली.

काय सांगू, मुलांनो! माकडं ओंडक्यांवर उभी राहिली. अस्वलाने शेजारणीच्या पाठीवर ठेका धरला. सगळ्यांनी स्टेजकडे पाठ फिरवून टिपरीभोवती गर्दी केली. दोन्ही कोल्हे तर फेरातच शिरले.

स्टेजवर उरले फक्त मान्यवर. त्यांना पाठी आणि शेपट्या तेवढ्या दिसत होत्या.

"मला दिसत नाहीये!" वनराजांनी डरकाळी फोडली. ती नेमकी समेवर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"गवे, मला खाली न्या!"

गवेसाहेब काठापर्यंत आले. त्यांनी खाली पाहिलं. पायऱ्या चढताना असतात त्यापेक्षा उतरताना फार उंच असतात. ते गुपचूप परत येऊन बसले. नाटक संपलं, दिवे मालवायची वेळ झाली, तरी मान्यवर वरच होते. कोल्ह्यांनी नाचून दमल्याचं कळवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत स्टेजला उतार झाला. समिती नेमायची राहूनच गेली. वनराज त्यावरून एकदा खाली उतरले. टिपरी त्यावरून रोज वर जाते.

तात्पर्य: मुलांनो, आपली अडचण नम्रपणे आणि पुन्हा पुन्हा सांगत बसू नये. त्यापेक्षा मोठ्या लोकांना मानाने उंच जागी बसवावं आणि खाली यायला वाट ठेवू नये. सर्वांची सोय आपोआप होते.

(हे शाळेत बोलू नका. आईने शिकवलं, असं तर मुळीच सांगू नका.)