वाकड्या कानाचा हत्ती

हत्तीचा डावा कान उजव्या कानापेक्षा बोटभर खाली होता.

बाहुलीताईंनी पार्सल उघडलं, हत्ती बाहेर काढला, छातीशी धरला, डोळ्यांत चांगलं पाणीबिणी आलं, आणि नेमका तेव्हाच त्यांना तो कान दिसला. एकदा दिसला तो दिसलाच.

हत्ती लोकरताईंनी त्यांच्यासाठी मुद्दाम विणून पाठवला होता. दोघींची ओळख फोनवरची. हाताने खेळणी करणाऱ्यांचा एक ग्रुप होता. त्यात बाहुलीताईंनी एकदा विचारलं, ‘धुतल्यावर बाहुल्यांचे डोळे गळून पडतात, काय करू?’ उत्तरादाखल भराभर बदाम आले, फुलं आली, जोडलेले हात आले. उपाय मात्र एकट्या लोकरताईंनी सांगितला, तोही फोन करून. त्या दिवसापासून रोज दुपारी जेवणं उरकली की दोघींचा फोन ठरलेला. बाहुलीताई कापडाची खेळणी शिवायच्या, लोकरताई क्रोशाच्या सुईने विणायच्या. कापसाचा दर्जा, नवऱ्यांचं घोरणं, गुडघे, सगळं बोलून व्हायचं. प्रत्यक्ष भेट तेवढी कधी झाली नव्हती.

“तुला विणता येतं का गं?” लोकरताईंनी मागे एकदा विचारलं होतं.

“येतं की! पण मला आपला कापडाचाच नाद,” बाहुलीताई सहज बोलून गेल्या होत्या. क्रोशाची सुई त्यांनी आयुष्यात हातात धरली नव्हती. पण मैत्रिणीपुढे थोडं बरोबरीने उभं राहावंसं वाटतं माणसाला.

तर हत्ती. बाहुलीताईंनी तो शिलाई मशीनसमोरच्या फळीवर ठेवला आणि कामाला बसल्या. मान वर केली की कान. चहा घेताना कान. मापं घेताना कान. त्यांनी हत्तीला एका कुशीवर वळवून बघितलं, तर तो रुसून बसल्यासारखा दिसायला लागला. शेवटी एका दुपारी त्यांनी कात्री उचलली. दोन टाके उसवायचे, कान वर सरकवायचा, पुन्हा दोन टाके. लोकरताईंना कळायचंही नाही.

शिवलेलं कापड उसवणं वेगळं आणि विणलेली लोकर उसवणं वेगळं, हे त्यांना त्या दुपारी समजलं. कात्री लागली ती कानाच्या टाक्याला नाही, डोक्याच्या विणीला. एक धागा सुटला. तो आत ढकलायला म्हणून त्यांनी ओढला, तर सरसर बाहेर आला. थांबवायला म्हणून दुसरं टोक धरलं, तर तेही आलं. बघता बघता कान मांडीवर पडला, सोंड लोंबायला लागली, आणि कपाळातून कापूस वर आला.

सासूबाई पाणी प्यायला आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

“काय झालं हत्तीला?”

“काही नाही, आई.”

“मग त्याचा मेंदू का बाहेर आलाय?”

एवढ्यात फोन वाजला. लोकरताई. “काय गं, माझा हत्ती काय म्हणतोय?”

“मजेत आहे,” बाहुलीताई म्हणाल्या आणि मांडीवरचा कान उगाचच मुठीत लपवला.

फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, “सांगून टाक तिला.”

“काय सांगू? तू प्रेमाने पाठवलेल्या हत्तीचा कान मला पसंत पडला नाही, म्हणून मी त्याला कात्री लावली?”

सासूबाईंनी विचार करून पाहिला. “असं सांगितलंस तर वाईट दिसेल खरं.”

त्यापेक्षा तसाच दुसरा हत्ती विणून फळीवर ठेवावा, असं बाहुलीताईंनी ठरवलं. दुकानातून राखाडी लोकर आणली, सुई आणली, मोबाइलवर शिकवणाऱ्या बायका लावल्या. त्या बायकांचे हात इतके झरझर चालत, की बाहुलीताईंना तिथे मुळात बोटं दिसेनात. हत्तीच्या पायाऐवजी दरवेळी एक वाटी तयार व्हायची. हे नीट, सावकाश, हाताला धरून शिकवू शकेल अशी एकच बाई त्यांच्या ओळखीची होती.

“अगं, आमच्या शेजारच्या काकू आहेत,” दुसऱ्या दिवशी त्या फोनवर म्हणाल्या. “त्यांना तुझा हत्ती इतका आवडला, की तसाच विणायचाय म्हणतात. तू शिकवशील का?”

“मी कशाला? तुला येतं ना, तू शिकव की.”

“माझ्याच्याने शिकवणं होत नाही गं. मी चिडते.”

लोकरताईंना एवढा आनंद झाला, की त्यांचा आवाजच बदलला. आजवर त्यांना कोणी शिकवायला सांगितलं नव्हतं. “उद्यापासून सुरू करू. व्हिडिओवर. काकूंना समोर बसव हं, म्हणजे मला त्यांचे हात दिसतील.”

घरात शेजारची काकू होऊ शकेल अशी एकच व्यक्ती होती.

“मी खोटं बोलणार नाही,” सासूबाईंनी बजावलं. “नुसती बसेन.”

“बोलूच नका तुम्ही. सुई धरा, मान हलवा. मी बाजूला बसून शिकते.”

पहिल्या दिवशी सासूबाईंनी केस नीट विंचरले, चष्मा पुसला आणि फोनसमोर बसल्या. लोकरताई एकेक टाका घालून दाखवत. सासूबाई तसाच घालत. बाहुलीताई फोनच्या कडेला, दिसणार नाही अशा बेताने मान वाकडी करून बघत. दोन-चार दिवसांत बाहुलीताईंची मान आखडली, आणि सासूबाईंचा हात बसला.

“वा काकू! काय एकसारखे टाके पडतायत!” लोकरताई म्हणाल्या.

बाहुलीताईंनी बघितलं. हत्तीचा एक पाय पुरा झाला होता आणि तो खरोखरच पाय दिसत होता. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “आई…”

फोनमधल्या लोकरताईंनी भुवया उंचावल्या.

“…गं! आई गं! किती सुंदर विणलंत, काकू!”

“किती जीव आहे गं तुझा शेजाऱ्यांवर,” लोकरताई गहिवरल्या. बाहुलीताईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मग त्या रोजच तापायला लागल्या. लोकरताई एकेक टाका पुन्हा पुन्हा दाखवायच्या. घरात पाहुणे असले तर त्यांना बसवून ठेवून दुसऱ्या खोलीतून शिकवायच्या. एकदा ताप होता तर शाल गुंडाळून बसल्या. “काकूंची सोंड अर्धी राहिलीय, माझं मन लागेना,” म्हणाल्या. मोडलेला हत्ती मशीनच्या खणात होता. टाकून द्यायला बाहुलीताईंचा हात धजला नव्हता आणि खण उघडायलाही धजत नव्हता. त्यामुळे त्यातली मोजपट्टी आठवडाभर अडकून पडली आणि एका अस्वलाचा शर्ट अंदाजाने शिवला गेला.

अखेर हत्ती झाला. रंग पहिल्यापेक्षा किंचित पांढुरका वाटला म्हणून बाहुलीताईंनी त्याला फिक्या चहात बुडवून वाळवला. फळीवर ठेवला. दोन्ही कान एका रेषेत. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तोच लोकरताईंचा फोन आला.

“अगं, मी भाचीकडे येतेय, तुमच्याच गावात! शनिवारी तुझ्याकडे येते. आणि काकूंना बोलावून ठेव, त्यांना भेटल्याशिवाय मी जायची नाही.”

शनिवारी सकाळपासून तालीम चालली. सासूबाईंनी मागच्या दाराने बाहेर पडायचं, घराला वळसा घालायचा, आणि पुढच्या दाराची बेल वाजवायची. “माझ्याच घराची बेल?” त्या म्हणाल्या. “इतक्या वर्षांत मी कधी वाजवली नाही. कुठे असते ती?”

लोकरताई आल्या. फोनवर दिसायच्या त्यापेक्षा ठेंगण्या, आणि आल्या आल्या मिठी मारणाऱ्या. बाहुलीताईंनाही भरून आलं. क्षणभर सगळं विसरून त्या नुसत्या मैत्रिणीला बघत राहिल्या. लोकरताईंनी मशीन बघितलं, कापडाचे गठ्ठे चाचपले, आणि मग त्यांची नजर फळीवर गेली.

“अगंबाई, हा का तो!” त्यांनी हत्ती उचलला, फिरवून बघितला. “किती सुबक झालाय गं माझ्या हातून! पाठवताना मला एवढा वाटला नव्हता. खरं सांगू? माझा एक कान नेहमी वाकडा बसतो. ह्याचे बघ कसे सरळ बसलेत! मला वाटतं, तुझ्यासाठी म्हणून जीव ओतून केला, त्याचंच हे फळ.”

“चहा टाकते,” म्हणत बाहुलीताई स्वयंपाकघराकडे पळाल्या.

बेल वाजली. त्यांनी दार उघडलं. दारात सासूबाई, हातात पर्स, चेहऱ्यावर पाहुण्याला शोभेल असं हसू. आणि त्यांच्यामागे, चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून नेमका आज लवकर सुटलेला नवरा.

“आई, तू बाहेर काय करतेस?” तो म्हणाला. “आणि बेल कशाला वाजवलीस?”

“त्यांना सगळेच आई म्हणतात!” बाहुलीताई घाईने म्हणाल्या. “अख्खी गल्ली म्हणते.”

नवऱ्याने बायकोकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि आपल्याला घरातलं कोणी काही सांगत नाही हे जुनं दुःख गिळून तो आत निघून गेला.

लोकरताई हत्ती मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सासूबाईंना जवळ ओढून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. “काकू! हेच ते हात! बसा हो, बसा. तुमच्यासारखी शिष्या मिळायला भाग्य लागतं. आणि आता दाखवा बघू, मी वाट बघतेय.”

“काय दाखवू?”

“अहो, तुमचा हत्ती! इतके दिवस विणलात तो. कुठाय?”

ह्याचा विचार कोणीच केला नव्हता. शेजारच्या काकूंनी हत्ती विणला, म्हणजे घरात दोन हत्ती हवेत. एक आलेला आणि एक विणलेला. बाहुलीताई स्वयंपाकघराच्या दारात चहाचं गाळणं हातात घेऊन थिजल्या. ‘घरी राहिला,’ एवढं बोललं असतं तरी निभावलं असतं. पण सासूबाईंच्या कामाबद्दल कोणी इतक्या आवडीने विचारून बरीच वर्षं झाली होती. त्यांचा चेहरा फुलला.

“हा काय, तुमच्या मांडीवर!” त्या म्हणाल्या. “सोंड तेवढी दोनदा उसवून घातली. बाकी सगळा एकदाही न उसवता.”

लोकरताईंनी मांडीवरच्या हत्तीकडे बघितलं.

“मग माझा कुठाय?”

बाहुलीताईंनी गाळणं खाली ठेवलं. मशीनचा खण ओढला, तो अडकला, पुन्हा ओढला. आतून एक धड निघालं, एक सोंड, एक कान आणि कुरळ्या लोकरीचा गुंता. ते सगळं त्यांनी मैत्रिणीपुढे ठेवलं, आणि कात्रीपासून चहाच्या पाण्यापर्यंत एकेक गोष्ट सांगितली. सांगताना त्या जमिनीवरच्या फरशीकडे बघत होत्या. ती फरशी दुभंगत नव्हती. “आणि मला विणता येत नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “कधीच येत नव्हतं. आणि ह्या काकू नाहीत, ह्या माझ्या सासूबाई आहेत.”

“ते मघाशीच कळलं,” लोकरताई म्हणाल्या. “भिंतीवर त्यांचा फोटो आहे.”

त्यांनी गुंत्यातून आपला कान उचलला, तळहातावर ठेवला. “वाकडा होता म्हणून?”

“हो.”

“मग मला सांगायचंस ना.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं,” लोकरताई म्हणाल्या. “एक दिवस.”

चहा निवून गेला. लोकरताईंनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला, “टाका छानच आहे तुमचा, त्यात काही खोटं नाही,” असं म्हटलं, आणि त्या निघाल्या. जाताना मिठी मारली नाही.

मग दुपारचा फोन बंद झाला. जेवणं उरकली की बाहुलीताई फोन समोर घेऊन बसत. लिहीत, खोडत. ‘मला माफ कर’ फार मोठं वाटायचं आणि ‘कशी आहेस’ फार निर्लज्ज. शेजारीपाजारी खेळण्यांचं कौतुक करायला लागले की त्यांना तिथून उठून जावंसं वाटे. सासूबाईंनीही सुई-लोकर गुंडाळून ठेवली होती. “माझ्याच जिभेने घात केला,” त्या एकदा म्हणाल्या. “नाही हो आई, माझ्या,” बाहुलीताई म्हणाल्या, आणि घात जिभेनेच केला, या एका गोष्टीवर दोघींचं लग्नानंतर पहिल्यांदा पूर्ण एकमत झालं.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी फोनवर एक फोटो आला. लोकरताईंकडून. उंट, तपकिरी लोकरीचा, अर्धवट विणलेला. खाली एकच ओळ: ‘खरं सांग, कसा वाटतोय?’

ही परीक्षा होती. त्यांनी फोटो मोठा करून बघितला. नवऱ्याला दाखवला. नवरा म्हणाला, “छान आहे की,” आणि त्याला बाद करण्यात आलं. सासूबाईंना दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखला.

“मान काहीतरीच आखूड आहे,” त्या म्हणाल्या.

“मलाही तेच वाटतं. पण लिहू का?”

“लिही. खरं तेच विचारलंय ना तिने.”

बाहुलीताईंनी डोळे मिटून, धीर करून लिहिलं: ‘खरं सांगते, रागावू नकोस. बाकी सगळा सुरेख आहे, पण मान फारच आखूड आणि बारीक झालीय. उंटाला शोभत नाही. उसवून पुन्हा विण.’

पाठवलं. दोन्ही बायका फोनवर वाकून बसल्या. पलीकडे लिहिणं सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग उत्तर आलं.

‘ताई, ती शेपूट आहे. मान अजून विणायचीय.’

बाहुलीताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेवढ्यात फोन वाजायला लागला. त्यांच्याच्याने उचलवेना, तेव्हा सासूबाईंनी उचलला आणि सुनेच्या कानाला लावला. पलीकडे लोकरताई नुसत्या हसत होत्या, आणि थांबायचं नाव घेत नव्हत्या.