शेवटच्या तासाचा दोष

मनुष्यमात्राला आनंद करण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट सर्व शास्त्रांना मान्य आहे. तो आनंद नेमका कोणत्या वेळी थांबवावा, याविषयी मात्र शास्त्रकारांनी मौन पाळले असून ते कार्य शेजाऱ्यांवर सोपवलेले दिसते. ही योजना अत्यंत दूरदृष्टीची आहे. दुसऱ्याच्या सुखात शेजाऱ्याचा तिळमात्र वाटा नसतो. त्यामुळे त्या सुखाचे मोजमाप तो ज्या तटस्थ बुद्धीने करू शकतो, त्या बुद्धीने ते सुख भोगणारा कधीच करू शकत नाही. (भोगणारा त्या वेळी नाचत असतो.)

आमच्या गल्लीत हे कर्तव्य काका पार पाडीत. काका म्हणजे निवृत्त शाळातपासनीस. सबंध हयात त्यांनी न सांगता दुसऱ्याच्या वर्गात शिरून मागच्या बाकावर बसण्यात व्यतीत केली होती. निवृत्तीनंतर वर्ग संपले, बाक संपले, बसण्याची वृत्ती तेवढी शिल्लक राहिली. अशी वृत्ती रिकामी ठेवणे धोक्याचे असते, हे जाणून की काय, नियतीने त्यांच्या गॅलरीच्या बरोबर समोर, पलीकडच्या इमारतीच्या तळघरात, एक नाइटक्लब उघडून दिला.

क्लब संध्याकाळी उघडे आणि पहाटे तीनला बंद होई. काकांचे जेवण उरकले की ते गॅलरीत जात. तेथे वेताची खुर्ची, कानटोपी, चहाचा थर्मास आणि एक दुर्बीण अशी सिद्धता असे. (दुर्बीण पक्षिनिरीक्षणासाठी घेतली होती. पक्षी त्या वेळी झोपलेले असतात, हा दोष पक्ष्यांचा आहे.) क्लबचे दार शेवटचे बंद होईपर्यंत काका आपले आसन सोडत नसत. गल्लीतील सर्वांची झोप क्लबमुळे मोडते, हा त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो पडताळून पाहण्यासाठी ते स्वतः मुळीच झोपत नसत.

या एकाकी साधनेतून पुढे काकांच्या अध्यक्षतेखाली 'रात्रिशांती संवर्धन समिती' निर्माण झाली. समितीच्या घटनेत एकच कडक अट होती: प्रत्येक सदस्याने रात्री जागे राहिले पाहिजे. जो झोपतो त्याला झोपमोडीचा प्रत्यक्ष अनुभव असणे अशक्य आहे, हे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही पटेल. एक गृहस्थ दोन बैठकांना ताजेतवाने होऊन आल्याचे आढळताच त्यांचे सदस्यत्व रद्द करण्यात आले.

समितीने वर्षभर अभ्यास करून जो अहवाल सिद्ध केला, त्याची भाषा संयत आणि निष्कर्ष निर्विवाद होता. उपद्रवांचे त्यात वर्गीकरण केले होते. मोठ्याने निरोप घेणे, निरोप घेऊनही न जाणे, रस्त्यात मिठी मारणे (अल्प, दीर्घ व सामूहिक), चप्पल हरवणे, हरवलेल्या चपलेविषयी गाणे, आणि विनाकारण हास्य. हास्याचे कारण गॅलरीतून ऐकू येत नसल्याने सर्वच हास्य विनाकारण या सदरात घेतले होते. एकूण उपद्रवांपैकी एक्याण्णव टक्के उपद्रव क्लब बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या तासात घडतात, असे सिद्ध झाले. उरलेले नऊ टक्के क्लब बंद झाल्याबरोबर घडतात, म्हणून तेही शेवटच्या तासाच्याच नावावर मांडणे न्याय्य ठरले.

रोग एवढा स्पष्ट दिसल्यावर उपाय शोधावा लागत नाही. शेवटचा तास रद्द करण्यात आला. नगरपालिकेतील ज्या अधिकाऱ्यांकडे हा विषय होता, त्या साहेबांनी अहवालावर समाधानाचा शेरा मारला, आणि क्लब तीनऐवजी दोनला बंद होऊ लागला.

पुढच्या अभ्यासात समितीला धक्का बसला. उपद्रव पुन्हा शेवटच्याच तासात होत होते. रद्द केलेला तास जागा बदलून एक ते दोनच्या दरम्यान येऊन बसला होता. गुन्हेगार पत्ता बदलतो, स्वभाव बदलत नाही, हे ओळखून समितीने तोही तास रद्द करवला. क्लब एकला बंद होऊ लागला. तेव्हा शेवटचा तास बारा ते एकमध्ये सापडला. समितीचा उत्साह दुणावला. तिच्या आता लक्षात आले होते की आपला सामना एका अतिशय धूर्त तासाशी आहे.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ती बाजू गॅलरीच्या आत राहत असे.

काकू या काकांच्या पत्नी. त्यांचा विवाह होऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली होती. वैवाहिक सौख्य मात्र क्लब उघडल्यापासून सुरू झाले होते. काका गॅलरीत गेले की काकू पलंगावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या झोपत. उशाशी बिस्किटांचा पुडा ठेवीत, आणि त्याचे कण चादरीवर पडले तरी तसेच पडू देत. सूनबाई पलीकडच्या खोलीत माहेरी फोन लावून मोकळेपणाने सासरविषयी बोले. घरात कोणी कोणाला काही समजावून सांगत नसे. खालून येणारा ढोलाचा ठोका भिंतीतून पलंगापर्यंत पोहोचे, आणि काकूंना गाढ झोप लागे. ज्या नागरिकांची झोपमोड होते त्यांच्या यादीत समितीने पहिले नाव काकूंचे घातले होते. (विचारावे लागले नाही, नाव अध्यक्षांना माहीत होते.)

पहिला तास रद्द झाला तेव्हा काका दोन वाजता आत आले. अंगात एका तासाचे निरीक्षण शिल्लक होते. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे वर्णानुक्रमे लावले. त्यामुळे साखरेशेजारी साबण आला आणि मिठाच्या बरणीला मेणबत्त्यांचा शेजार लाभला. सकाळच्या चहाला फेस आला तो कशाचा, हे सूनबाईने डबा हुंगून ठरवले.

दुसरा तास रद्द झाल्यावर काकांनी शयनगृहाची तपासणी हाती घेतली. झोपलेल्या काकूंना जागे करून, डाव्या कुशीवर झोपल्यास झोप अधिक लागते, असे त्यांनी समजावून दिले. घोरण्यास त्यांची तत्त्वतः हरकत नव्हती. त्यात सातत्य असावे, एवढेच म्हणणे होते. बिस्किटांचा पुडा सापडला. त्यावर एक छोटेसे भाषण झाले.

अशा परिस्थितीत समितीने आपला अंतिम ठराव मांडला: क्लब रात्री नऊलाच बंद व्हावा. काकांचे जेवण नऊला आटोपे. दुसऱ्या दिवशी डब्यांवरची नावे वाचत वाचत स्वयंपाक करीत असताना सूनबाईने विषय काढला.

"आई, नऊला बंद झाला तर बाबा गॅलरीत जाणारच नाहीत."

"कळलंय मला."

"म्हणजे रात्रभर आतच."

"अगं, कळलंय म्हटलं ना! कशाला भीती घालतेस पुन्हा पुन्हा?"

"आणि मी झोपेत कूस किती वेळा बदलते, ते विचारत होते परवा. तुमच्या मुलाला मोजायला सांगितलंय."

काकूंनी गॅस बारीक केला. "नगरपालिकेत सुनावणी आहे ना? हरकती मागवल्यात ना लोकांच्या?"

"हो. पण हरकत कोण घेणार?"

"मी आहे की. या घरात चाळीस वर्षं हरकत म्हणूनच राहिलेय. आता तिथं जाऊन राहते."

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात भर दुपारी भरली. व्यासपीठावर साहेब आणि त्यांच्या उजव्या हाताला काका होते. समितीचे सदस्य पहिल्या रांगेत बसून, रात्री जागल्यामुळे, डुलक्या घेत होते. क्लबचा मालक शेवटच्या रांगेत बसला होता. तो कामावरून आल्यामुळे डुलक्या घेत होता. दोन्ही पक्षांत एवढे साम्य यापूर्वी कधी दिसले नव्हते.

"कोणाची हरकत?" साहेबांनी शिरस्त्याप्रमाणे विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता ते सही करण्यास वाकले.

"माझी," काकू उठून म्हणाल्या.

साहेबांनी वर पाहिले. "आजी, तुम्ही बाधित आहात. तुमची झोप जाते म्हणूनच तर हे चाललंय. बाधितांनी पाठिंबा द्यायचा असतो."

"माझी झोप जाते हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

साहेबांनी काकांकडे पाहिले. काकांनी पंख्याकडे पाहिले.

"मला तर झोप लागते ती क्लब चालू असला की," काकू म्हणाल्या. "बंद झाला, की हे आत येतात."

मागच्या रांगेत मालक खडबडून जागा झाला. "काकू! तुम्ही आमच्या बाजूनं?"

"गप रे. मी माझ्या बाजूनं आहे."

"आजी, इथं नोंद करायची तर कोण म्हणून करू?" साहेब अडचणीत आले होते. "क्लबशी तुमचा काही संबंध? ग्राहक, भागीदार, कर्मचारी?"

"मी यांची बायको."

"तसा रकाना नाही."

"तेच तर दुखणं आहे!"

या ठिकाणी काकांनी अध्यक्ष या नात्याने हस्तक्षेप केला. "हा विषय घरचा आहे. घरात बोलता येईल."

"घरात बोलले होते की मी. चार वर्षांपूर्वी. तेव्हा तुम्ही गॅलरीत होता, आणि मला म्हणालात, जरा थांब, तो हिरव्या शर्टवाला तिसऱ्यांदा निरोप घेतोय."

सभागृहात हास्य झाले. (सकारण.) पहिल्या रांगेमागे बसलेल्या काही स्त्रिया, आणि एका सदस्याचे वयस्कर वडील, हळूहळू उभे राहिले. ती समितीच्या सदस्यांच्या घरची माणसे होती. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. ती नुसती उभी राहून काकूंकडे अशा नजरेने पाहत होती, ज्या नजरेने तुरुंगातील माणसे भिंतीला पडलेल्या फटीकडे पाहतात.

साहेबांनी घाम पुसला. "पण अहवाल आहे, आजी. मला अहवालाबाहेर जाता येत नाही. शेवटच्या तासात उपद्रव होतो, हे सिद्ध झालंय. ते मान्य करावंच लागेल."

"मान्य आहे की. यांचं म्हणणं मी कधी खोडून काढलंय? सगळा गोंधळ शेवटच्या तासात होतो ना?"

"हो."

"शेवटचा तास येतो कशामुळं?"

"बंद केल्यामुळं."

"मग बंदच करू नका."

साहेबांनी अहवाल उघडला, उलटा धरला, सुलटा धरला, पुन्हा वाचला. त्यातील तर्क अभेद्य होता. ज्याला अंत नाही त्याला अंतिम तास असू शकत नाही. हा विचार वास्तविक आपल्या परंपरेत फार प्राचीन आहे, परंतु तो परवान्यांच्या बाबतीत लावून पाहण्याचे धैर्य पूर्वसूरींना झाले नव्हते. क्लब अहोरात्र उघडा ठेवल्यास एक्याण्णव टक्के उपद्रव घडण्यास वेळच उरत नव्हता, आणि बंद होणे हीच घटना नाहीशी झाल्याने उरलेले नऊ टक्केही निराधार होत होते. उपद्रवाचे प्रमाण शून्य. अशी आकडेवारी साहेबांच्या कारकिर्दीत प्रथमच हाताशी येत होती.

"समितीचा विरोध आहे का?" त्यांनी विचारले.

काकांचा चेहरा लाल झाला होता. विरोध करावा तर स्वतःचाच अहवाल खोटा ठरत होता. न करावा तर... येथे ते थबकले.

"चोवीस तास?" त्यांनी हळूच विचारले.

"चोवीस तास," साहेब म्हणाले.

"सुट्टीच्या दिवशीही?"

"सुट्टीच्या दिवशीही."

"मग त्यावर लक्ष कोण ठेवणार?" काकांच्या स्वरात एक कंप होता. काकूंनी तो बरोबर ओळखला. तपासनीसपदी नेमणूक झाल्याचे कळले त्या दिवशीही काकांचा आवाज असाच हलला होता.

"तुमच्याशिवाय कोण आहे दुसरं?" काकू मऊ आवाजात म्हणाल्या. "मी जेवण बाहेर आणून देत जाईन."

ठराव एकमताने संमत झाला.

आता क्लब अखंड चालू असतो. तक्रार मालकाची आहे. दुपारी तेथे चिटपाखरू नसते, तरी दार उघडे ठेवावे लागते. परवा तो डोळे चोळत बाहेर आला आणि वर पाहून ओरडला, "काका, आत कोणी नाही हो! जरा पडा आता, आणि मलाही पडू द्या."

"तू दार लोटू नकोस," काका डोळ्यांवरची दुर्बीण न काढता म्हणाले. "मी बघतोय."

काकांची प्रकृती सुधारली आहे. गॅलरीला पावसाळ्यासाठी छत, थंडीसाठी पडदा आणि दाराला एक कडी बसवून घेतली आहे. कडी घराच्या आतल्या बाजूने आहे. इतर सदस्यांनीही आपापल्या गॅलऱ्या अशाच सज्ज केल्या असून, त्यांच्या घरच्या माणसांनी खर्चाविषयी चकार शब्द काढलेला नाही.

सुज्ञ वाचकांना हे वाचून आपल्या घरात असे कोणी नसल्याबद्दल मनोमन समाधान वाटत असेल. त्या समाधानाची पारख करणे सोपे आहे. आज काहीतरी निमित्त काढून घराबाहेर पडावे, आणि जिन्यात क्षणभर थांबावे. आपल्या मागे दार लागताच आत कोणी हसले, कोणी पाय पसरून बसल्याची सोफ्याची कुरकुर ऐकू आली, एखादी गोष्ट अर्ध्यावरून पुन्हा सुरू झाली, तर मनाला लावून घेऊ नये. परतही फिरू नये. कोपऱ्यावर काही चालू आहे का, ते पाहून यावे; थोडे सावकाश यावे.

अशा सर्व पाहणाऱ्यांना पाहण्यासारखे काहीतरी सतत लाभत राहो, आणि त्यांच्या घरी जे आहेत त्यांना सुखाची झोप लागो.