सर्जेरावांची दुखणीमोजणी

सर्जेराव हवालदार समोरच्याला नमस्कार करण्याआधी खाली बसवत. मग म्हणत, "आता उठा." उठताना माणूस गुडघ्यावर हात ठेवतो की कमरेवर, भिंत धरतो की शेजाऱ्याला, हे टिपून झालं की मग नाव-गाव. एका सरपंचांना त्यांनी तीनदा उठवलं. आपलं काही चुकलंय का, हे विचारायला सरपंचांनी मला फोन केला.

मी त्यांचा पर्यवेक्षक. साताऱ्याच्या एका संस्थेनं म्हसवडच्या बाजूला पाहणी काढली होती: वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढणारी माणसं किती, आणि त्यापायी घरातली कामं किती अडतात. सर्जेराव फौजेतून निवृत्त, साठी उलटलेले. घरी बसवत नाही म्हणून माहिती गोळा करायला आले होते.

कागदावर दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे होते. पहिल्याच वाडीत एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पास कितीला हाय?" सर्जेरावांनी शाळेच्या हिशेबानं साडेतीन सांगितलं. त्या वाडीत सगळ्यांना चार पडले.

बायकांचे कागद मात्र कोरे राहायचे. दुखण्यामुळं कुठलं काम सुटलं, असं विचारलं की त्या म्हणत, काम कसं सुटंल? सर्जेराव कोरा कागद माझ्याकडे देत नसत. "तोंडी जबाब चालत न्हाई, साहेब," असं मला ऐकवून ते नळापाशी जाऊन उभे राहत. कोणती बाई हंडा कुठल्या हातानं उचलते, ते बघत.

शेवटच्या आठवड्यात यादीत त्यांचंच घर आलं. स्वतःच्या घरची माहिती स्वतः भरायची नाही, असा नियम. म्हणून मी गेलो. आमच्यात कुणाला काय न्हाई, पाच मिनिटांचं काम हाय, असं त्यांनी वाटेतच सांगून टाकलं.

त्यांच्या पत्नी, शालनकाकू, शांतपणे उत्तरं देत गेल्या. कंबर दुखते. डावा खांदा वर जात नाही. कधीपासून, असं मी विचारलं.

"थोरल्याच्या बाळंतपणापासनं. तवा हे काश्मिरात हुते."

थोरल्याची मुलं आता शाळेत जात होती.

सर्जेराव दारात उभे होते. मला कवा बोलली न्हाईस, असं ते हळूच म्हणाले.

"तुमी रजेवर यायचा," काकू म्हणाल्या. "तेवढ्या दिसांत दुखणं कुठं सांगत बसू?"

"आन् घरी आल्यावर?"

"तवर सवय झाली हुती."

सर्जेरावांनी चपला काढल्या. आत येऊन ते काकूंसमोर जमिनीवर बसले.

"आता सांग," ते म्हणाले. "सगळं सांग."

मी कागद मिटून अंगणात गेलो. चांगला तासभर बसलो असेन. आतून फक्त काकूंचाच आवाज येत होता.