वामनरावांची पगारी सुट्टी

कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा वामनरावांनी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्यांच्या हळदीला तीन दिवस झाले होते. हातातला घास ताटात टाकून ते धावले, ते छत्तीस वर्षं धावतच राहिले. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा आणि ओल सांगायची, एवढंच काम. सुट्टी घेतली ती एकदाच, कावीळ झाली तेव्हा. (तिचाही पगार कापला. पडूनच तर होते!)

यंदा मालकांचा मुलगा हर्षदीप हैदराबादेहून कर्मचारी-कल्याण शिकून आला. 'तुमचं आरोग्य, आमची काळजी' असा बोर्ड त्यानं लावला. (लावला तो पिण्याच्या पाण्याच्या नळावर. नळाला पाणी नव्हतंच.)

"काका, उद्यापासून चार दिवस पगारी सुट्टी. फक्त रोज सकाळी आराम करतानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. नाही टाकला तर पगार नाही."

घरी सुनयनाबाईंनी रातोरात पिशव्या भरल्या. बेज्जूरला लेकीची लेक चार महिन्यांची झाली होती आणि आजोबांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

"तिथं रेंज नाई," सकाळी वामनराव म्हणाले. "फोटो कसा जाईन?"

"नातीले पाहाले चालले का रेंजले?"

"चारी दिवसाचे फोटो आजच घ्या म्हणतो शेटले. अकराच्या गाडीआंधी येतो."

"तुमी अन् येता!"

गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग होती. गुडीहत्नूरचे केशवराव ओल मोजायच्या नव्या मशीनवर ओरडत होते. "वामनराव, हे डबडं माह्या कापसाले ओला म्हणून राह्यलं! एक डाव हात घाला ना!"

वामनरावांनी इस्त्रीची बाही वर केली. "कोरडा हाय," ते म्हणाले. मग मागचा गाडीवाला म्हणाला, माह्याबी पाहा. मग त्याच्या मागचा.

हर्षदीपनं धावत येऊन फोटो काढला. "वा काका! सुट्टीतही किती आनंदी! टाकला ग्रुपवर."

"म्हंजे आजची सुट्टी धरत नाई ना, शेट?"

"धरली ना! फोटो आला की."

तेवढ्यात गेटाशी सुनयनाबाई दिसल्या, दोन्ही हातांत दोन पिशव्या. अकराला पाच मिनिटं होती.

"येवढी एकच गाडी..." वामनराव म्हणाले. हात अजून कापसातच होता.

सुनयनाबाईंनी वामनरावांची पिशवी खाली ठेवली. वाकून तिच्यातला दोघांच्या भाकरीचा डबा काढला, आपल्या पिशवीत घातला आणि त्या स्टँडकडे चालू लागल्या.