तब्येतीपुरतं उपोषण

सोमवारी जेवणाची घंटा झाली आणि टर्नर सोपानराव कॅन्टीनमध्ये आलेच नाहीत, हे पहिल्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मंगळवारी मात्र आलं. कारण कॅन्टीनमध्ये वाढणारे आबाजी त्यांच्यासाठी आठ चपात्यांची चवड बाजूला काढून ठेवत, आणि सलग दुसऱ्या दिवशी ती चवड जागची हलली नव्हती.

आबाजी पळी हातात घेऊनच बाहेर आले. सोपानराव दाराशेजारी एका उलट्या खोक्यावर मांडी घालून, डोळे मिटून बसले होते. आत बसलं तर आमटीचा वास नाकात जाई आणि निश्चय ढळे, म्हणून ते बाहेर बसले होते.

"सोपानराव, वाढू ना?"

"नको. उपोषण हाय."

"उपास?"

"उपास न्हाई रे. उपासाला साबुदाणा चालतो. ह्ये उपोषण. नुस्तं पानी."

"किती दिवस?"

"तीन दिस तर करणारच. अंगाला झेपलं तर फुडं बघू."

"पण कशापायी?"

"तब्येतीसाठी. मशीनला आठवड्याची सुट्टी मिळती, मग मानसाला नको व्हय?"

"बरोबर आहे तुमचं," असं अगदी हळू म्हणून आबाजी युनियनला कळवायला आत पळाले.

सोपानराव बोलले त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. शनिवारी कंपनीच्या हॉलमध्ये एका निसर्गोपचारवाल्या गृहस्थांचं व्याख्यान झालं होतं. लंघनानं रक्त शुद्ध होतं, सांधे मोकळे होतात, बुद्धीला धार चढते असं त्यांनी सांगितलं, आणि उपवासाला ते दर वेळी ‘उपोषण’ म्हणत होते. "तुमच्या लेथला गुरुवारी सुट्टी असते. पोटाच्या यंत्राला चाळीस वर्षांत एक तरी सुट्टी दिलीत का?" हा प्रश्न त्यांनी समोर बघून विचारला आणि समोर सोपानराव बसले होते. त्यांची पँट दिवाळीपासून सैल होत चालली होती, तरी अंगात ताकद म्हणून वाटत नव्हती. साहजिकच हे सगळं आपल्यालाच लागू आहे असं त्यांना वाटलं. त्यांच्या घरी एकादशीला भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी, खिचडी आणि केळी एवढं सगळं होत असल्यानं असला कोरडा उपवास त्यांनी जन्मात केला नव्हता. बायकोला, शालनबाईंना, हे सांगायची त्यांची छाती झाली नाही. घरी त्यांनी "कॅन्टीनला पोटभर झालंय" एवढंच सांगितलं होतं.

पाच मिनिटांत युनियनचे साहेबराव धावत आले. साहेबराव पिंपरीचे, वाचन दांडगं, अक्षर मोत्यासारखं. सात मागण्यांचं निवेदन त्यांनी जानेवारीत दिलं होतं आणि आता मार्च संपत आला तरी ऑफिसातून साधी पोचही आली नव्हती. खोक्यावर बसलेल्या सोपानरावांना बघून त्यांना भरून आलं.

"सोपानराव, निदान मला तरी सांगायचं होतं! एकट्यानं एवढं मोठं पाऊल उचललंत?"

"त्यात काय सांगायचं? ज्यानंत्यानं आपापलं करायचं असतं ह्ये."

"बघा!" साहेबराव जमलेल्यांकडे वळले. "ऐकलंत? आपण नुसते कागद लिहीत बसलो. ह्या माणसानं जेवण सोडलं!"

"आवो, मी तब्येतीसाठी—"

"कामगारांच्या तब्येतीसाठी! मागणी नंबर सहा!" साहेबराव गरजले. "डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, तेही तासभर. मधल्या दिवशी माणसानं काय आजारी पडायचं नाही?"

टाळ्या पडल्या. आतून बाकडी सरकवल्याचे आवाज आले. मशीन शॉपचे तीसएक जण भरल्या ताटावरून उठून बाहेर येऊन बसले. त्यात असे दोघे होते, की ज्यांनी आपल्या लग्नातही पंगत सोडून फोटो काढू दिला नव्हता. सगळे आपल्याकडे देवाकडे बघावं तसं बघताहेत, हे पाहून सोपानराव घाबरले. त्यांनी साहेबरावांची बाही ओढली.

"साहेबराव, गफलत झालीया. मी त्या शनवारच्या भाषणाचं मनावर घेतलंय. माजं कंपनीशी काय भांडण न्हाई."

साहेबरावांचा चेहरा उतरला. त्यांनी मागे वळून त्या तीस उपाशी माणसांकडे पाहिलं, मग पुन्हा सोपानरावांकडे. आणि कानाशी येऊन म्हणाले, "राव, आता हे कुणाला सांगू नका. तुम्ही माघार घेतलीत तर युनियनचं नाक गेलं, आणि ह्या लोकांचं जेवण पण गेलं. नाहीतरी तुम्ही खाणार नव्हताच ना? मग बसायला काय जातंय?"

हा हिशेब सोपानरावांना पटला. ते बसले.

दोनच्या सुमाराला झेंडूचा हार आला. तीनला पहिली शिफ्ट सुटली, पण घरी कुणी गेलं नाही. दुसऱ्या शिफ्टची माणसं आली ती तिथंच थांबली. शॉपमधल्या सगळ्या मशीन एकदम गप्प झाल्या आणि त्या शांततेनं वर्क्स मॅनेजर नानासाहेब केबिनमधून बाहेर आले. मनानं ते वाईट नव्हते, पण निवेदन वाचायचं ते उद्यावर ढकलत, आणि त्यांचा उद्या लवकर उगवत नसे.

"सोपानराव, अहो तुम्ही? बारा वर्षांत तुमची एक तक्रार नाही!"

"आजून बी न्हाई साहेब," सोपानराव कळवळून म्हणाले.

"ऐका, ऐका!" साहेबराव ओरडले. "बारा वर्षं ज्यानं ब्र काढला नाही, त्याच्यावर ही पाळी आली!"

सोपानरावांना एकाएकी घाम फुटला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते पाणी मागून घटाघटा प्यायले, लगेच दुसरा तांब्या मागितला, तिसराही. नानासाहेबांनी ते पाहिलं आणि त्यांचा धीर सुटला. दवाखान्यातल्या नर्स नीलाताई आल्या, त्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "साहेब, डॉक्टरांना बोलवा. आज त्यांचा वार नाही, पण बोलवाच." नानासाहेबांनी स्वतःची गाडी चिंचवडला पाठवली.

गाडी परत यायच्या आधी शालनबाई आल्या. थेरगावचा एक कामगार अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी चालला होता. त्यानं जाता जाता त्यांना सांगितलं होतं, की तुमच्या मालकांनी अन्न सोडलंय आणि ते कंपनीच्या दारात बसलेत. त्या पदर खोचून नदीचा पूल ओलांडून तडक चालत आल्या होत्या. हातात फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी होती. पायलीभर राग वेगळाच.

"कुणावर रुसलाय?" त्यांनी गर्दी बाजूला सारत विचारलं. "माज्या हातचं ग्वाड लागंना व्हय? तसं घरी सांगायचं. असं चारचौघांत बसून, गळ्यात हार घालून सांगत्यात?"

"आगं, तुज्यावर न्हाई."

"मग कुणावर?"

सोपानरावांनी साहेबरावांकडे पाहिलं. साहेबरावांनी आभाळाकडे पाहिलं.

"कुनावरच न्हाई," सोपानराव पुटपुटले. हे उत्तर ऐकून शालनबाईंची खात्रीच झाली, की आपल्यावरच.

डॉक्टर आले. म्हातारे, खेकसणारे, पण हात हलका. त्यांनी सोपानरावांना आत दवाखान्यात घेतलं. बरोबर शालनबाई, नीलाताई आणि जबाबदारी म्हणून नानासाहेब, जबाबदारी म्हणून साहेबराव.

"तहान किती दिवसांपासून?"

"उपोषणापास्नं असंल."

"दिवाळीपास्नं," शालनबाई म्हणाल्या. "अख्खी घागर लागती. रातीतनं चारदा उठत्यात. वजन बी उतरलंय. इचारलं का म्हनत्यात, वय झालं."

"पायाला हे काय?"

"अंगठ्याला लोखंडाचा कीस लागला व्हता," सोपानराव म्हणाले. "जखमंला म्हैना झाला, भरंना."

डॉक्टरांनी नीलाताईंना खूण केली. नीलाताईंनी परीक्षानळीत निळं औषध घेतलं, त्यात सोपानरावांच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं होतं ते हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल. सगळे दिवाळीतला भुईनळा बघावा तसे बघत राहिले. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"दोन दिवस पोटात कण नाही, तरी एवढी साखर! अहो, तुम्हाला मधुमेह आहे. आणखी दोन महिने असेच राहिला असता, तर ह्या अंगठ्याबरोबर पाय गेला असता. कदाचित तुम्हीही."

सोपानराव आपल्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांचे वडील, आबा, असेच गेले होते. नांगराचा फाळ लागला, जखम भरली नाही, पाय काळा पडला. पन्नाशी गाठली नव्हती. भावकीनंच करणी केली असं समजून घरानं त्यांच्याशी वीस वर्षं बोलणं टाकलं होतं.

"आबांना बी ह्येच असंल," ते हळूच म्हणाले. शालनबाईंनी त्यांचा दंड धरला आणि सोडला नाही.

"आजपासून उपवास बंद," डॉक्टर म्हणाले. "कसलाच नाही. दर तीन तासांनी थोडं थोडं खायचं, गोड वर्ज्य, आणि औषध वेळेवर. आत्ताच्या आत्ता काहीतरी खा."

शालनबाईंनी फडकं सोडलं. पिठल्याचा वास खोलीभर पसरला. सोपानरावांनी भाकरीला हात घातला आणि साहेबरावांनी त्यांचं मनगट पकडलं.

"दोन मिनिटं, राव. फक्त दोन मिनिटं." मग ते नानासाहेबांकडे वळले. "साहेब, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत. हा माणूस आमच्या शब्दाखातर थांबलाय. बोला, सात मागण्या."

नानासाहेबांनी भाकरीकडे पाहिलं, सोपानरावांकडे पाहिलं, आणि जानेवारीपासून न वाचलेल्या त्या निवेदनाची प्रत साहेबरावांच्या हातून घेतली. पंख्याचं बघू म्हणाले, गणवेशाचं बघू म्हणाले.

"साहेब," सोपानराव मधेच बोलले. "पंखा ऱ्हाऊ द्या, समदं ऱ्हाऊ द्या. निस्ता डाक्टर रोज येऊ द्या. माज्यासारकं किती जन भायेर पानी पीत बसलं असतील, त्यास्नी ठावं बी नसंल."

ही त्या दिवसातली पहिली खरीखुरी मागणी होती. नानासाहेबांनी तिथंच दवाखान्याच्या टेबलावर सही केली.

बाहेर जयजयकार झाला. कुणीतरी रिवाजाप्रमाणे मोसंबीच्या रसाचा ग्लास आणला. डॉक्टरांनी तो हुंगला, "साखर घातलीय ह्यात!" म्हणून खिडकीबाहेर ओतला, आणि नानासाहेबांनी स्वतःच्या हातानं पिठलं-भाकरीचा घास भरवून उपोषण सोडवलं. बाकीच्या तिसांना आबाजींनी आमटी पुन्हा गरम करून वाढली. सोपानराव घासागणिक एकेकाचे आभार मानत होते. साहेबरावांचे मानले, नानासाहेबांचे मानले, नीलाताईंना तर वाकून नमस्कार करायला गेले. शेवटी शालनबाई म्हणाल्या, "आधी गिळा. आभार कुठं पळून जात न्हाईत."

डॉक्टर रोज यायला लागले. पहिल्या पंधरवड्यात आणखी चौघांच्या नळ्या लाल झाल्या. त्यातले एक साहेबराव होते. सोपानरावांचा अंगठा ज्येष्ठापर्यंत भरून आला. त्या उन्हाळ्यात ते वीस वर्षांनी भावकीच्या दारात गेले, दोघा म्हाताऱ्या चुलत्यांच्या पाया पडले, आणि आपल्या आबांना काय झालं होतं ते त्यांना नीट समजावून सांगितलं. दोघंही म्हातारे रडले.

पण नाव व्हायचं ते झालंच होतं. एका गुरुवारी सकाळी चाकणच्या कांदा बाजारातले चार हमाल थेरगावात सोपानरावांचं घर विचारत आले. फेटे सावरून अदबीनं बसले. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "सोपानराव, तुमची कीर्ती ऐकून आलोय. आमच्या बाजारात बी सावलीला शेड पायजे. तुम्ही फकस्त तीन दिस येऊन बसा. घोषणांचं आमी बघतो."

सोपानरावांना नाही म्हणवेना. ज्या गोष्टीनं आपला पाय वाचला, ती दुसऱ्यासाठी करायला नको कसं म्हणायचं? ते अवघडून आतल्या खोलीकडे बघू लागले.

आतून परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला. मग शालनबाईंचा.

"त्यास्नी दर तीन तासांनी खायाला लागतं. मधल्या वेळेत उपोषण चालत असंल, तर न्या. डबा मी देते."